गवतात पडलेला पूल

क्लुज, २८ नोव्हेंबर २००४

ती. वेतूताईस इलारीचा सा. न. वि. वि.

इथे खोली गार आहे आणि घरमालकीण फक्त मांजराशी बोलते. वर्षअखेरीचे हिशेब चाललेत. तुझ्या दारातल्या पुलाचेही माझ्याकडेच. पूल व्हायला चार वर्षं, नफा मात्र दरवर्षी दाखवायचा. म्हणून काम किती झालं ते आम्ही खर्चावरून धरतो. अंदाजातला निम्मा खर्च झाला, की पूल निम्मा झाला आणि निम्मा नफाही कमावला. यंदा साठ टक्के भरतात. कंपनीचे संचालक ड्रागोमिर इतके खूश, की मला नावाने हाक मारली. नाव चुकलं, ते सोड.

पूल झाला की डोंगराचा वळसा वाचेल, दर रविवारी जेवायला घरी येईन. तोवर माया आटू देऊ नकोस.

इलारी

वालिया मेरिलोर, ५ डिसेंबर

चि. इलारीस अ. उ. आशीर्वाद.

साठ टक्के वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा खिडकीत गेले. नदीत दोन खांब उभे आहेत, तिसरा गुडघ्याएवढा. लोखंडी तुळया मात्र झाडून सगळ्या आल्यात. गवतात पडल्यात, शेळ्या त्यांवर चढून उन्हं खातात. मुकादम ग्लिगोर आणि त्याची माणसं माझ्याकडे जेवतात, त्यामुळे घराला घरासारखा आवाज आहे. तो म्हणाला, मावशी, उन्हाळ्यापर्यंत यांना हात लागायचा नाही, पण साहेबांना वर्ष संपायच्या आत हव्या होत्या. एवढी घाई कशाला विचारलं, तर म्हणाला, मक्याची ममलिगा वाढा.

अरे, लोकर विकत आणली की स्वेटर झाला का? तुमच्या शहरात होत असेल.

जेवत जा. म्हातारीला विसरू नये.

वेतुरिया

क्लुज, १४ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

न बसवलेला माल काम म्हणून मोजायचा नाही, हा नियम मलाही पाठ आहे. पण मी बिलं पाहिली, गवत पाहिलं नाही. तुळया वगळल्या तर पूल तीस टक्क्यांवर येतो. उरलेल्या कामाचा खर्च खरा मांडला, तर नफाच नाही, तोटा आहे. आमच्याकडे नफा थोडाथोडा धरतात. तोटा दिसला की सगळा एकदम, त्याच वर्षी.

संचालक म्हणाले, या हिशेबावर तुझी सही पाहून बँक पुढचे पैसे देणार. सही नाही, तर काम बंद आणि तूही बंद. त्यांनी नाव या वेळी बरोबर घेतलं.

सही केली तर कदाचित पूल होईलही. काय करू? लवकर लिही.

इलारी

वालिया मेरिलोर, ९ जानेवारी २००५

चि. इलारीस अ. उ. आशीर्वाद.

तुला उत्तर लिहायला बसले होते. सही कर, असंच लिहिणार होते. चार घास खायला रोज कुणी येतं, त्याचा मोह सुटेना. लिहीपर्यंत ग्लिगोर निरोप घ्यायला दारात. काम थांबलं, सही केली नाही म्हणून साहेबांनी हिशेबनीसाला काढलं, असं तो म्हणाला. तो हिशेबनीस माझा भाऊ, हे मीच सांगितलं. टोपी घालून तो निघून गेला, थाळी तशीच राहिली.

पूल कुणामुळे अडला, ते आता गावाला कळलंय. दुकानदारीण सुट्टे पैसे हातात न देता फळीवर ठेवते. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी, पाय पसरून बसते. तू केलंस ते बरोबरच. पण बरोबर वागलेल्या घरात फार शांतता असते रे.

खोलीचं भाडं कशाला भरतोस? वळशाने का होईना, निघून ये. तुझ्याशीही इथे कुणी बोलणार नाही. पण निदान दोघं असू.

वेतुरिया