मायुमीच्या पोटाला लागलेलं कौतुक

लुसेना, मंगळवार

पुरिंगताईस धाकट्या दुलोचा नमस्कार. आशीर्वादासाठी तुझा हात माझ्या कपाळाला लावला असं समज (समुद्राच्या अलीकडून तेवढंच जमतं). तुझा गुडघा कसा आहे? त्याला जप, उगाच दगदग करू नकोस. इथे आम्ही धडपडत का होईना, ठीक आहोत.

आमच्या मायुमीचं ऑपरेशन झालं. चार वर्षांची नात, पण गिळलेलं सगळं जळजळत वर यायचं. झोपेत तेच छातीत उतरून तीनदा न्यूमोनिया झाला, औषधं हरली. डॉक्टर मकाराएग म्हणाले, अन्ननलिकेचं खालचं दार मिटत नाही. जठराचा वरचा भाग त्या नलिकेभोवती मफलरसारखा गुंडाळून शिवून टाकू. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, मला लगेच पटलं. तुझ्या भावजयीला, ओनिंगला, पटेल तर शपथ! तिचं म्हणणं, हा उसोग. कोणीतरी पोरीचं तोंडभर कौतुक केलं ते पोटाला बाधलं, आणि ज्याने केलं त्यानेच आपली थुंकी तिच्या पोटावर लावायची. मग काय, पोरीला कधीकाळी ‘गोड’ म्हटलेली सगळी माणसं तिने वॉर्डात आणून उभी केली. मासळीवाली, रिक्षावाला, चर्चमधले पाद्री (तेही सर्दी झालेली असताना), सगळे अंगठा ओला करून रांगेत. नर्सने एकजात सगळ्यांना हाकललं.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर तपासायला आले आणि बोलून गेले, “काय गोड छोकरी आहे!” झालं! ओनिंगने त्यांची बाहीच धरली.

“डॉक्टर, अंगठा ओला करा.”

“आजी, आता पोटावर जंतुनाशक लावायचंय.”

“ते मागाहून लावा की! आधी तुमची थुंकी.”

“अहो, मी शिकलेला माणूस...”

“शिकलेल्यांचं जास्त बाधतं!”

मी लाजेने खिडकीबाहेर बघत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी मास्क खाली केला (“माझी आईपण अशीच आहे हो”) आणि अंगठा टेकवला. नंतर म्हणे पोट दोनदा धुतलं.

ऑपरेशन छान झालं. पोरीने वाटीभर पेज खाल्ली आणि ती वर आली नाही. ताई, मी जिन्यात जाऊन रडलो. आता एकच राहिलंय. ढेकरही येत नाही. पोट ढोलासारखं फुगतं आणि पोर कळवळते, ते बघवत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडं थोडं भरवा, काही आठवड्यांत सुरळीत होईल. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. ओनिंग मात्र म्हणते, अजून कोणीतरी एक माणूस राहिलंय. मी तिला बजावलं, असला अडाणीपणा या घरात पुरे.

तुझा,
दुलो

ता. क. बाप्तिस्म्याच्या दिवशी ‘कशी गुटगुटीत आहे गं!’ असं तू म्हणाली होतीस. सहज आठवलं.

ता. क. २. सोबत आमचा पत्ता घातलेलं पाकीट आहे. चिकटवताना पाणी वापरू नकोस, जिभेनेच चिकटव. आत पत्र नसलं तरी चालेल.

ता. क. ३. वाळलेली चालते का, हे ओनिंगला विचारायची मला सोय नाही. तुला माहीत असेलच. चालत नसेल, तर गुडघ्याचं काही बघू नकोस, पहिल्या बोटीने ये.