अर्धा राहिलेला स्वार

१२ सप्टेंबर

निळा रंग. परत तेच! फिल्मचा निर्माता टॉर्क्विल आज एडिंबरोहून येताना एक मेकअपवाली घेऊन आला आणि मी शेतावरून परत येईपर्यंत माझ्या नटीच्या तोंडाला निळं फासून मोकळा झाला. कर्स्टी बिचारी खुर्चीत बसलेली, कपाळापासून हनुवटीपर्यंत निळी. म्हणाली, "मला वाटलं तुला विचारलंय."

मला कोण विचारतंय!

टॉर्क्विलचं म्हणणं — "एल्स्पेथ, पिक्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे निळे लढवय्येच येतात. ओळखू तर येऊ देत." मी म्हटलं, दक्षिणेत भिंत बांधून बसलेल्या रोमन शिपायांनी स्कॉटलंडच्या या जुन्या लोकांना 'पिक्ट', म्हणजे 'रंगवलेले', म्हटलं, आणि तू अजून त्या शिपायांचीच री ओढतोयस. आपली बाई पाथरवटीण आहे. तिला दगड घडवायचाय, जत्रेत नाचायचं नाहीये.

तो हसला. तो असा समजुतीने हसतो की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

१३ सप्टेंबर

कर्स्टीच्या कानामागचं निळं निघत नाही. ती काम करते त्या मासळीच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतंय, कोणी मारलं का गं?

२० सप्टेंबर

आज पुन्हा सगळं लिहून काढते, म्हणजे मला तरी खात्री राहील की मी वेडी नाही.

फिल्म पंधरा मिनिटांची. आमच्या पिटलॅरनच्या चर्चच्या आवारातला दगड, आणि तो घडवणारी बाई. दगडावर शिकारीचं दृश्य आहे — हरीण, कुत्री, तीन स्वार. सगळ्यात खाली चौथा. त्याचा घोडा पुरा आहे, स्वार मात्र नाही. नुसते टोच्याने मारलेले ठिपके, आखणी करून सोडून दिलेले. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी ठिपके मारले, उद्या कोरू म्हणून घरी गेलं, आणि परत आलंच नाही. का? एवढीच फिल्म. शेवटी पडदाभर ते ठिपके दिसले पाहिजेत. ते दिसले नाहीत तर फिल्म नाही, नुसता पंधरा मिनिटं हातोडा.

आणि ते सहजासहजी दिसत नाहीत. ऊन अगदी तिरकं पडलं तरच. शाळेत असताना आम्ही बोटांनी शोधायचो.

टॉर्क्विलला हवंय की तो स्वार लढाईत मरतो. ढोल. किंचाळ्या. शिवाय पात्रांनी बोलावं, म्हणे. कुठल्या भाषेत? त्यांच्या भाषेतलं एक धड वाक्य कोणाला ठाऊक नाही. "मग गेलिक बोलू देत, तीही जुनीच भाषा, कोणाला कळतंय." मला कळतंय ना! निदान गप्प राहण्याचा मान तरी द्या त्यांना. आपल्याच गावच्या माणसांना परक्याचे शब्द तोंडात कोंबून उभं करायचं, आणि वर त्याला इतिहास म्हणायचं.

२६ सप्टेंबर

टॉर्क्विलला हाकललं. त्याच्याबरोबर त्याचे शूटिंगचे दिवेही गेले.

मर्डो म्हणाला, "दिवे ठेवून घेऊन हाकलता आलं नसतं का?" मर्डो माझा कॅमेरामन. एरवी लग्नं चित्रित करतो. त्याला मोठमोठ्याने रडणाऱ्या करवल्यांची सवय आहे, त्यामुळे माझ्या ओरडण्याने त्याचं काही बिघडत नाही.

७ ऑक्टोबर

पाथरवटिणीच्या झोपडीचे प्रसंग झाले. कर्स्टी फार छान हातोडा धरते. मासे साफ करणारे हात आहेत, खोटे वाटत नाहीत. शेजारच्या रानात दिवसभर बटाटे काढायचं यंत्र धडधडत होतं — बरं झालं फिल्म मुकी आहे. जेवायला मर्डोच्या आईने ब्रायडी, म्हणजे खिम्याच्या करंज्या, पाठवल्या. कर्स्टीने लोकरीच्या घोंगडीखालून खाल्ली आणि त्यातली चरबी नवव्या शतकावर सांडली. मी ओरडले. मग मीच ती पुसली.

आता राहिला फक्त दगड. बटाट्याच्या सुट्टीत, म्हणजे मुलांना पूर्वी बटाटे काढायला मिळायची त्या ऑक्टोबरातल्या सुट्टीत, ऊन बरोबर तिरकं येतं. तेव्हाच घ्यायचं ठरलं.

१७ ऑक्टोबर

पेटी!

सकाळी कॅमेरा, तिपाई, घोंगडी, कर्स्टी सगळं घेऊन आवारात गेलो, तर दगडावर पेटी! लाकडी, माणसापेक्षा उंच, चारी बाजूंनी बोल्ट आवळलेले. बाहेर लख्ख ऊन, आणि आत माझा स्वार.

दर हिवाळ्यात थंडीपासून दगड झाकतात. दरवर्षी! बटाट्याच्या सुट्टीत, कारण तेव्हा गावातले हात मोकळे असतात. लहानपणी त्या पेटीला टेकून मी पावसात चिप्स खाल्ल्या आहेत. मी या गावात जन्मले, वाढले, सगळी फिल्म दगडावर लिहिली, आणि पेटी विसरले. टॉर्क्विल विसरला असता तर मी त्याला आयुष्यभर ऐकवलं असतं.

कर्स्टी म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक असेल." तिला कायम काहीतरी वाटलेलं असतं!

१८ ऑक्टोबर

दगड समितीच्या अध्यक्ष म्हणजे लम्सडेनबाई. मला तिसरीला शिकवायला होत्या. अजून तशाच बघतात, जणू माझं नाक वाहतंय.

"एका दुपारपुरती उघडा ना, बाई."

"पेटी एप्रिलमध्ये उघडते."

"एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर चढलेला असतो. ठिपके दिसणार नाहीत."

"मग पुढच्या सप्टेंबरात ये. दगड कुठे पळून जातोय?"

कर्स्टी जानेवारीत ऑस्ट्रेलियाला चाललीय, कायमची. तेही सांगितलं. बाईंनी चहा ओतला. म्हणाल्या, "तू तिसरीतसुद्धा अशीच होतीस. सगळं आत्ताच्या आत्ता." मी चहा न पिता उठले. दार आपटलं नाही, पण आपटायचं फार मनात होतं.

एवढा जीव आहे म्हणे दगडावर. मग झाकून कशाला ठेवता? अर्धं वर्ष लोक येऊन लाकूड बघून जातात. बाहेरच्या कोणाला ठाऊक आहे हा स्वार? मी दाखवणार होते जगाला. आमच्या लोकांना सगळं पेटीत घालून वर बसायची सवयच आहे.

३ नोव्हेंबर

मर्डोने तिथे काय जादू केली देव जाणे. (बाईंच्या नातीचं लग्न त्याने चित्रित केलं होतं, पण तो म्हणतो तसं काही नाही.) शनिवारची एक दुपार मिळाली. अटी ऐकवण्यासाठी बाईंनी मला मुद्दाम बोलावलं. दगडाला हात लावायचा नाही. पाणी तर अजिबात नाही. आणि पाऊस आला तर पेटी लगेच लावायची नाही, वरून कापड धरून दगडाला दोन दिवस वारा लागू द्यायचा. "ओला दगड झाकायचा नाही. मुरलेलं पाणी गोठलं की दगड आतून फुटतो. कळलं का, एल्स्पेथ?"

कळलं, बाई! पाढे पण म्हणून दाखवू?

८ नोव्हेंबर

मिळालं! मिळालं!

पण कसं ते लिहिते. दुपारी पेटी उघडली आणि आभाळ भरून आलं. ऊन नाही. तासभर उभे राहिलो, हातपाय गारठले, दगड राखेसारखा सपाट. तिन्ही स्वार कसेबसे दिसत होते, चौथा तर नाहीच. मर्डोने गाडीचे दिवे लावून पाहिले, काही नाही. कर्स्टी घोंगडीत कुडकुडत होती आणि मी मनात टॉर्क्विलला, त्याच्या दिव्यांना, बाईंना, आभाळाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. हीच एक दुपार. पुन्हा मिळणार नाही.

मग मी ओढ्यावरून बादली भरून आणली.

मर्डो म्हणाला, "नको गं. बाईंनी सांगितलंय ना." मी म्हटलं, हा दगड हजार वर्षं पावसात उभा आहे. माझ्या बादलीने काय होणार? त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. मी ओतली. आणखी एक आणली. पाणी खाली उतरलं, दगड काळा झाला, आणि ठिपके एकेक करून वर आले. स्वाराची पाठ. खांदा. लगाम धरायला पुढे केलेला हात. कर्स्टी रडायला लागली. मर्डो कुजबुजत होता, "थांबा, थांबा, हलू नका." मी पुन्हा पुन्हा ओतत राहिले, वाळला की ओत, वाळला की ओत.

अंधारायच्या आत पेटी लावून टाकली. दोन दिवस कोण बसणार तिथे कापड धरून?

९ नोव्हेंबर

बाईंचा फोन. "झालं का मनासारखं?" झालं, म्हटलं. "कोरडा होता ना झाकताना?"

हो बाई.

२७ नोव्हेंबर

काय ही थंडी! नळ गोठला. ओढासुद्धा गोठला म्हणतात, असं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

१४ जानेवारी

संकलन संपलं. टॉर्क्विलचा फोन — त्याचं नाव निर्माता म्हणून घालणार का? "कल्पना आपण दोघांनी मिळून वाढवली ना." मी म्हटलं, घालते की, निळ्या रंगात. फोन आपटला. फार बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

ग्लासगोच्या एका महोत्सवाने फिल्म घेतली! मर्डोच्या आईला पहिली बातमी दिली. ती म्हणाली, "मग आता तू लग्न करशील का?" एकाचा दुसऱ्याशी काय संबंध!

९ मार्च

ग्लासगोहून परतले. शेवटचे ठिपके आले तेव्हा सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मी मागच्या रांगेत हात घट्ट आवळून बसले होते. कर्स्टीने ऑस्ट्रेलियाहून संदेश पाठवला, तिथे मध्यरात्र असणार.

नंतर प्रश्नोत्तरं. पहिलाच हात वर केलेला माणूस म्हणतो, "फिल्म सुंदर, पण ते निळे का नाहीत?"

मी सगळ्यांदेखत त्याला झापलं. म्हटलं, आम्हाला आमच्या गोष्टी सांभाळता येतात, तुमचे रंग नकोत. टाळ्या पडल्या. मी बरोबरच बोलले. आमच्या दगडाची आमच्याइतकी कदर दुसऱ्या कोणाला आहे?

२ एप्रिल

आज पेटी उघडली. चौथा स्वार नाही. खालचा पापुद्राच सुटलाय, घोड्यासकट. पेटीच्या तळाशी भुगा आणि हाताएवढे तुकडे. मर्डो माझ्याकडे बघेना.

लम्सडेनबाई गवतात बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "थंडीच तशी पडली गं यंदा. तुझ्यावर किती चिडले होते मी. बरं झालं तू हट्ट केलास. आता तो तुझ्या फिल्ममध्ये तरी आहे."

मी म्हटलं, बाई, तो ओला होता. पाणी मीच ओतलं.

त्यांनी माझे हात सोडले.