मास्तर, तू मला घोस्ट केलंयस म्हणे

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार. आधी तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळव, मग तुझी. वहिनींना माझा नमस्कार. आमच्याकडे सगळे मजेत आहेत (मला सोडून).

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस (निळ्या खुणा दिसतात रे इकडे) आणि गप्प बसतोस. नातीनं दुकानात येऊन निदान केलं, ‘आजोबा, त्यांनी तुम्हाला घोस्ट केलंय.’ म्हणजे भांडण नाही, निरोप नाही, माणूस नुसता गायब. आपण याला अबोला म्हणायचो, पण अबोल्यात निदान समोर येऊन तोंड फिरवावं लागायचं. आता तेवढेही कष्ट नाहीत.

क्रियापद मला फारच आवडलं. नळवाल्याला फोन करून म्हटलं, तुम्ही मला घोस्ट केलंत. घाबरून तासाभरात हजर झाला. मग भाजी घेऊन परतलेल्या बायकोलाही तेच म्हणालो. नातीनं समजावलं, भाजीला जाऊन आलेल्या माणसाला तसं म्हणत नाहीत, पण तोवर उशीर झाला होता. आता ‘आजोबांना विचार, भात हवा का’ असं नातीमार्फत चालतं. (हेही घोस्ट करणं नव्हे म्हणे, कारण ताट वेळेवर येतं.) तरी खुमखुमी जिरेना. दुरुस्त होऊन पडलेली घड्याळं न नेणाऱ्या गिऱ्हाइकांना कळवलं की आपण आपल्या घड्याळाला घोस्ट केले आहे. एक बाई तणतणत आल्या, मनसोक्त भांडल्या आणि घड्याळ विसरून गेल्या.

तुझ्याबद्दल मात्र मी नातीशी वाद घातला. मास्तर तसला नाही, त्याचं घड्याळ माझ्याकडे आहे, तो येणारच. ती म्हणाली, ‘वेळ फोनवर दिसते, आजोबा.’ हे मला फार लागलं. दर गुरुवारी तू ‘दहा मिनिटं मागे पडतंय’ म्हणत यायचास, मी ते उघडून पुसायचो आणि आपला चहा व्हायचा. त्या दिवशी दुकानात गर्दी होती. चार माणसांत मी बोलून गेलो की याला काही झालेलं नाही, उगाच खेपा घालू नकोस. तू घड्याळ काउंटरवर ठेवलंस आणि निघून गेलास. गुरुवार आता जाता जात नाही.

तुझाच,
घड्याळवाला

ता. क. तुझं घड्याळ सध्या मी मनगटावर बांधतो. मिनिटभरही मागे पडत नाही. इतकी वर्षं दर गुरुवारी त्याचे काटे कोण मागे फिरवत होतं, ते मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं.

आणखी एक. वरचा ता. क. वाचलाच नाहीस असं समज. घड्याळ आत्ताच पुन्हा उघडून पाहिलं. चांगलंच बिघडलंय. एका गुरुवारात होणारं काम नाही.