लक्ष्मीकांत स्मृती थायरॉईड शिबिराच्या जागेबाबत

मी, मृदुला लक्ष्मीकांत चिटणीस, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार समा, बडोदे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा नेमकी तिथूनच सुरुवात करील. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. दागिने व बँकेतील ठेवी माझी मुलगी तेजश्री हिला द्याव्यात. सूनबाई प्राची हिला काही नाही. तिने कधी मागितले नाही. ती नुसती वाट पाहते.

२. समा येथील दुमजली घर माझ्या पगारातून बांधलेले, माझ्या एकटीच्या नावावर आहे. तळमजल्यावर माझा मुलगा ओजस याचा पाळीव जनावरांच्या हार्मोनच्या विकारांचा दवाखाना चालतो. तो सुरू झाला तेव्हा कुत्र्यालाही थायरॉईडचा विकार होतो हे बडोद्यात कोणाच्या गावी नव्हते. आज सावली गावाहूनही लोक गाडी करून मांजराची साखर तपासायला येतात. ओजसच्या तीन शाखा झाल्या. लोक त्याला हुशार म्हणतात, आणि तो आहेच.

माझे यजमान रिफायनरीतून निवृत्त झाले ते ताठ चालत. मग हळूहळू सुजले, आवाज घोगरा झाला, केस गेले, खुर्चीत बसल्या बसल्या झोपू लागले. एकदा जेवताना ओजस फोनवर कोणाला तरी समजावत होता, "सुस्ती, वजन, केस गळणं, थंडी सोसत नाही, म्हणजे थायरॉईडच. आजच घेऊन या."

मी म्हटले, "अरे, हे तू बाबांचंच सांगतोयस."

तो हसला. "आई, मी जनावरांचा डॉक्टर. बाबांना काही झालेलं नाही, आळशी झालेत."

त्याचा तेव्हाचा भागीदार केयूर फाटक पानावर होता. तो म्हणाला, "ओजस, काकांचं रक्त तपासून घे रे. उद्याच."

"उद्या पाणीगेटच्या शाखेचं उद्घाटन आहे. नंतर बघू."

मी यजमानांना स्वतः डॉक्टरकडे नेऊ लागले तर ते जागचे हलेनात. "ओजस काही नाही म्हणतो ना? मग काही नाही." मुलाचा त्यांना फार अभिमान होता.

पौषातल्या थंडीत ते बेशुद्ध झाले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "घरात इतके महिने कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" ओजसने मान खाली घातली नाही. तिसऱ्या दिवशी हे गेले.

वर्षश्राद्धाच्या आठवड्यात ओजसने तळमजल्यावर यांच्या फोटोला हार घालून कुत्र्यांसाठी 'लक्ष्मीकांत स्मृती थायरॉईड शिबिर' भरवले. रांग फाटकाबाहेर गेली होती. केयूरने त्याच दिवशी भागीदारी सोडली.

सबब, सदर घर, तळमजल्यावर बसवलेल्या सर्व पक्क्या बांधकामासह, मी डॉ. केयूर फाटक यांना देत आहे. तिथे त्यांनी जनावरांच्या हार्मोनचाच दवाखाना चालवावा. ओजसची गिऱ्हाइके पत्ता शोधत तिथेच येतील.

३. यजमान मे महिन्यातही अंगात घालत ते दोन स्वेटर ओजसला द्यावेत. धुऊन ठेवले आहेत.

४. मला अग्नी तेजश्रीने द्यावा. ओजसने स्मशानात यायला हरकत नाही. माझ्या नावाने मात्र शिबिर भरवू नये.

५. एक्झिक्युटर म्हणून वकील श्री. गोविंद शिर्के यांना नेमते. त्यांनी हा कागद माझ्या हयातीत ओजसला दाखवू नये. तो तळमजल्याच्या भिंती पाडून हार्मोन तपासणीची प्रयोगशाळा बांधतो आहे. त्यासाठी स्वतःचा फ्लॅट त्याने गहाण टाकला. काल फरशीचे नमुने घेऊन वर आला होता.

"आई, एवढा खर्च करतोय. तुझी हरकत नाही ना?"

मी म्हटले, "छे रे. चांगल्यातली लाव."

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून खालील दोघांसमक्ष सही करते.

(सही) मृदुला लक्ष्मीकांत चिटणीस

साक्षीदार, ज्यांना या मिळकतीतून काहीही मिळणार नाही:
(सही) श्री. जयसिंगराव मोहिते, शेजारी, समा
(सही) सौ. दीप्ती वसंत राजे, निवृत्त शिक्षिका, समा

स्थळ: बडोदे
दिनांक: १९ जानेवारी २०२५