घोलवडे नगरपंचायतीची ओळख, दोन पानांत

घोलवडे,
मंगळवार, सकाळ

ती. स्व. आक्का,

धाकट्या आकारामचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे कागदावर वाकलो आहे तेवढाच खरा मान). तुझा गुडघा, दाजींचा खोकला आणि मंगळवार पेठेतला तुमचा नळ, तिन्ही आपापल्या वेळेत असतील अशी आशा. इकडे बाकी मी ठीक. फोन सोडून पत्र कशाला, असं दाजी विचारतील. फोनवर मी मुद्द्यावर आलो की तू "जेवलास का" विचारतेस आणि मुद्दा राहून जातो, म्हणून.

आपलं घोलवडे तीन वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीचं नगरपंचायत झालं, हे तुला ठाऊक आहेच. (फरक एवढाच, की पूर्वी सरपंचांना खिडकीतून हाक मारली की काम व्हायचं, आता तीच हाक अर्जावर लिहून त्याच खिडकीत द्यावी लागते.) नगरपंचायत म्हटली की वेबसाइट हवी, आणि वेबसाइटवर गावाची ओळख हवी. मुख्याधिकारी आदिती चौगुलेबाई मला म्हणाल्या, "गुरुजी, पस्तीस वर्षं पोरांना निबंध लिहायला लावलात, आता एक तुम्ही लिहा." हातात छापील नमुना दिला. दोन पानं, आठ दिवस. मी मनातून सुखावलो, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

पहिलाच रकाना क्षेत्रफळाचा, आणि तिथेच दोन दिवस गेले. आपली पूर्वेची हद्द म्हणजे वेदगंगा, आणि ती दर पावसाळ्यात आपल्या मर्जीने कूस बदलते. त्यामुळे घोलवडे मे महिन्यात मोठं आणि ऑगस्टमध्ये लहान असतं. तलाठ्यांचा आकडा वेगळा, नगरपंचायतीचा वेगळा. शेवटी दोन्ही लिहिले. लोकसंख्या छापील होती, पण पाणी सोडणारा ज्ञानू म्हणाला, "त्यो आकडा जुना हाय. मी चाव्या फिरवतो, मला इचारा." त्याच्या हिशेबाने माणसांपेक्षा नळच जास्त भरले. मग आला प्रेक्षणीय स्थळांचा रकाना. तो मी गावभर फिरवला. किराणा दुकानदार जिनपालनी स्वतःच्या दुकानापुढचा कट्टा सुचवला, कारण तिथे बसलं की बिद्रीच्या साखर कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या गाड्या दिसतात. दुसरं कुणी काही सुचवलं नाही, म्हणून कट्टा लिहिला.

राहिला शेवटचा रकाना, ‘गावातील महत्त्वाची घटना’. त्यात मी एकोणीस सालचा पूर लिहायचं ठरवलं. पाणी बाजारपेठेत शिरलं, दोन्ही रस्ते बंद झाले आणि खालच्या गल्लीतली ऐंशी-पंच्याऐंशी माणसं आणि बावन्न जनावरं माळावर विठाबाईच्या घरी नऊ दिवस राहिली. तू तिला ओळखतेस, दुधाचा रतीब घालते, नवऱ्यामागे एकटीने चार म्हशी सांभाळते ती. डेअरीची गाडी येत नव्हती म्हणून सगळं दूध तिने तिथेच माणसांना पाजलं, आणि चारा संपल्यावर उभा भुईमूग जनावरांना मोकळा केला. त्या वर्षी तिच्या घरात शेंग आली नाही. मी वही घेऊन माहिती विचारायला गेलो तर गोठा झाडता झाडता म्हणाली, "त्यात लिवायसारकं काय हाय, गुरुजी? पाणी आलं, माणसं वर आली. माघारी धाडायची व्हती व्हय?"

गेल्या गुरुवारी सभेपुढे मी दोन्ही पानं वाचली. क्षेत्रफळावर कुणी बोललं नाही, कट्ट्यावर थोडं हसले. पूर आला तशी नगराध्यक्ष पृथ्वीराजनी मान वर केली. (माझाच विद्यार्थी. शुद्धलेखन अजून तसंच आहे.) म्हणाले, "गुरुजी, एवढा पूर काढा. बाहेरची माणसं वाचणार. पूर येणारं गाव म्हटल्यावर आमच्या पोरांस्नी पोरगी कोण देईल?" सभेत तीन जणांची मुलं लग्नाची आहेत, तिघांनी माना हलवल्या. मी पूर खोडायला पेन काढलं. नोकरीत असतानाही मी कुठल्या सभेत बोललो नाही, तुला माहीत आहे.

बोलल्या त्या नगरसेविका वर्षाराणी. त्या सहसा हजेरीपुरत्या बोलतात. उठून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "माझी निशिगंधा त्याच नऊ दिसांत झाली. दाखल्यावर जन्मठिकाण घोलवडे लिवलंय, पण घोलवडे तवा पाण्यात हुतं. ती विठाबाईच्या गोठ्यात झाली. नाळ तिनंच कापली. पूर काढायचा असंल तर माझ्या पोरीचा जन्म कुठं झाला म्हणून लिवायचं, ते बी सांगा."

पृथ्वीराजनी पाण्याच्या बाटलीचं टोपण फिरवून घट्ट लावलं. मग म्हणाले, "आमच्या आबांना मी पाठीवर घेऊन तिथंच न्हेलतं." आणि पाठोपाठ, "आमच्या दोन म्हशी बी हुत्या तिथं. त्या बावन्नात धरल्यात न्हवं?"

झालं. त्यानंतर प्रत्येकाला आपली जनावरं नोंदवायची होती. मी बावन्न म्हणत होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकशे एकोणीस झाली. एकाने पुरानंतर घेतलेली गायही त्यात घातली. पुराचं पाणी कुणाच्या भिंतीला किती चढलं यावरून दोन नगरसेवकांचं वाजलं, कारण प्रत्येकाला आपलंच जास्त हवं होतं. अखेर चौगुलेबाईंनी ‘पन्नासहून अधिक’ असं लिहिलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. रविवारी वेबसाइटचं उद्घाटन आणि विठाबाईचा सत्कार आहे. ती म्हणाली, "येतो की. पर धार काढूनशान."

तर अशी तुझ्या माहेराची ओळख तयार झाली. दाजींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा धाकटा,
आकाराम

ता. क. – खरी विनंती राहिलीच. रविवारी तू आणि दाजी या. मात्र एक सांभाळ. पुराच्या परिच्छेदात माझ्या हातून ‘आम्ही सर्वांनी रातोरात जनावरे माळावर चढवली’ असं वाक्य गेलं आहे. गोंधळात कोण कुठे होतं हे कुणाला आठवत नाही, त्यामुळे सभेतही कुणी हटकलं नाही. त्या दिवसांत मी कुठे होतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पाणी वाढतंय म्हटल्यावर तेव्हा असलेली म्हैस शेजाऱ्याला सांभाळायला सांगून, दाढ दुखते म्हणून मी तुझ्याकडे आलो आणि अकरा दिवस राहिलो. दाढ ठीक होती, आक्का. कुणी विषय काढलाच, तर तू गुडघ्याचं काढ.

ता. क. २ – पाकीट चिकटवणार तोच विठाबाई रतीब घालायला आली. म्हटलं, तिच्याबद्दलचं तिला एकदा वाचून दाखवावं. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "ब्येस लिवलंयसा. पर तुमी न्हवता की, गुरुजी." रागाने नाही, दूध मापता मापता. "तुमचा शेजारी कवाच निघून गेल्ता. तुमची म्हस मीच सोडून आणली. लई लाथा मारायची." सहा वर्षं मी ते शेजाऱ्याचे उपकार समजत होतो, आणि तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. ती गेल्यावर मी ‘आम्ही सर्वांनी’ खोडून तिथे तिचं नाव घातलं आणि सुधारलेला कागद चौगुलेबाईंकडे देऊन आलो. वरची ता. क. लिहिलीच नव्हती असं समज. सत्काराच्या वेळी मलाही दोन शब्द बोलायचे आहेत, आणि आता मी तेव्हा कुठे होतो याशिवाय दुसरं काही बोलता येणार नाही. म्हणून तू नक्की ये आणि पुढच्या रांगेत बस. तुझ्याकडे बघत राहिलो तर सांगून होईल.