पाहुण्यांचा हंडा

आये, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. इतक्या वर्षांत जायला हवा होता. पण आजही गावात आले की नळापाशी रिकाम्या हंड्यांची रांग दिसते आणि डोकं फिरतं. वडखळकडून येणाऱ्या पाण्याच्या लाइनीवर आपलं गाव शेवटचं. वरच्या गावांचं भरून उरलं तर आपल्याला, आणि उरतं कधी?

सरकारने बोअर मारली तेव्हा तू किती आशेने उभी होतीस. पण मिठागरांच्या गावात जमिनीखालून खाऱ्याशिवाय दुसरं काय येणार? म्हशीनेही त्या पाण्याला तोंड लावलं नाही. मग राहिलं तळं. त्यात म्हशी डुंबायच्या, कपडे धुतले जायचे, आणि गोड लागतं म्हणून तेच आपण प्यायचो. मी तेव्हा रोह्याला पाणी तपासण्याच्या कामावर होते. तळ्याचं पाणी बाटलीतून नेलं, तपासलं, आणि सुट्टी काढून तुला सांगायला आले की यात रोग आहे, पिऊ नकोस. निदान उकळ म्हटलं, तर सरपण काय पाण्यावर जाळू, म्हणालीस.

नळाला कधीतरी पाणी यायचं. मिठागरातून धावत येऊन तू एक हंडा भरायचीस आणि फडकं बांधून कोपऱ्यात ठेवायचीस. मला वाटलं, चला, पटलं हिला. कसलं काय! तो हंडा पाहुण्यांचा. आल्यागेल्याला चांगलं पाणी दिलं नाही तर आपल्याकडे नाक कापलं जातं, म्हणून ते त्यांना, आणि घरची माणसं तळ्यावर. मी भांडले, रडलेसुद्धा. तू शांतपणे तांदूळ निवडत होतीस.

"पावन्यांच्या पुढ्यात तल्याचं पानी ठेवू काय गो?" म्हणालीस, आणि उठून त्याच हंड्यातला तांब्या माझ्यापुढे केलास. "तू पन आता पावनीच हायस. पी."

पुढे पेणच्या डॉक्टरांनी तुला कावीळ सांगितली आणि पाणी कुठलं पिता म्हणून विचारलं. तू खुशाल म्हणालीस, नळाचं. अंगात बसायची ताकद नव्हती, पण घराची अब्रू सांभाळलीस. मी खरं सांगितलं तेव्हा माझ्याकडे असं बघितलंस, जणू मीच चहाडी केली. त्या दुखण्यातून तू उठली नाहीस.

तुला नेल्यावर बायकांनी रिवाजाप्रमाणे घरातलं साठवलेलं पाणी ओतायला काढलं. तो हंडा काठोकाठ भरलेला होता. एवढा राहू द्या, मी म्हटलं. "असं नसतं गो," चुलती म्हणाली, आणि दोघींनी तो अंगणात उपडा केला. पाणी न देणाऱ्या साहेबांवर चिडू, रिवाजावर चिडू, की तुझ्यावर, काही कळेना.

हे पत्र कुठे टाकणार? कपाटात ठेवते. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. ते ओतायच्या आधी मी त्यातला एक तांब्या पदराआड नेला आणि मागीलदारी उभी राहून सगळा प्यायले. तुझ्या वाट्याचं होतं ते, पण मला फार तहान लागली होती.