लिफ्टखालची बारव

२ एप्रिल
लातुरात रुजू झालो. नभांगण नावाची इमारत, अकरा मजले, मी लिफ्टमन. मुदखेडजवळच्या आमच्या गावात माडी एकच होती. विशाखा इथं डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते. आता बापलेक तळमजल्यावरच्या खोलीत एकत्र राहू. खिडकीत बुद्धमूर्ती ठेवली, पुढं पाण्याची वाटी, शेजारी गावाहून आणलेलं बोधिवृक्षाचं रोप.

४ एप्रिल
झाडूवाल्या सरजाबाईंनी इमारतीची हकीकत सांगितली. भूकंपानंतर लोक उंच बांधायला धजत नव्हते, तेव्हा ही उभी राहिली. वरचे मजले पाच वर्षं रिकामेच होते. जागेवर आधी बारव होती, पायऱ्यांची जुनी विहीर. ती बुजवताना बाईंचे मालक, दगडोबा, पायऱ्यांवर अडकले. पाणी मागत होते म्हणे. वरून मुरूम पडतच राहिला. म्हणून बाई रोज दुपारी लिफ्टच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओततात.

९ एप्रिल
बाई लेकीच्या बाळंतपणाला रेणापूरला गेल्या. तांब्या माझ्यावर सोपवला. नळ आठवड्यातून एकदा येतो. श्राद्ध-पिंड आमच्यात नाही, असं मनाला सांगितलं आणि पाणी रोपाला घातलं. खरं सांगायचं तर गुडघे दुखत होते. खड्ड्यापर्यंत मागून सात पायऱ्या उतराव्या लागतात.

१२ एप्रिल
रोज पाणी घालतो, तरी कुंडीतली माती कोरडीठाक. दुपारी लिफ्ट आपोआप तळमजल्याच्या खाली जाते. खाली मजलाच नाही. वर येते तेव्हा आत ओल्या मुरुमाचा वास.

१४ एप्रिल
जयंती. वंदना झाली, पण मन लागलं नाही. बाईंचा फोन आला, तेव्हा कबूल केलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या झाडाला म्होरं पाऊस हाय. त्याला न्हाई."
पाण्यासाठी लढलेल्यांची आम्ही लेकरं. आणि मी तहानलेल्याचं पाणी वळवलं. लगेच जाऊन तांब्या ओतला. पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

१५ एप्रिल, दुपार
विशाखा मैत्रिणीकडे नवव्या मजल्यावर निघाली होती. मी जेवत होतो. लिफ्ट खाली गेली. वर आलीच नाही.
मेकॅनिक नांदेडहून निघालाय, तीन तास लागतील. म्हणतो, खाली पाच फुटांचा खड्डा आहे, बाकी काही नाही.
लिफ्टचं दार पहारीनं उघडलं. दगडी पायऱ्या. ओल्या. तिसरीवर तिची चप्पल.

नंतर
हंडे, घागर, सगळं ओतलं. नळ परवा येणार. खालून ती पाणी मागते. तिच्यामागून आणखी कोणीतरी —
मूर्तीपुढची वाटी तेवढी भरलेली. तीच घेऊन उतरतो. ओतून भागत नाही, हातानं पाजावं लागेल. गुडघे —
वही वरच्या पायरीवर ठेवतो. पोर वर आली तर सरजाबाईंनी तिला सांगावं, रोज दुपारी तांब्या, आम्हा दोघांसाठी —